सात पिढ्यांची गैरहजेरी

"नेटवर सगळं फुकट असते बाई, मी पाहून घेतो." एवढंच मी बोललो. रविवारची सकाळ होती, पुढ्यात पोहे होते आणि बाई तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होती. तिचं समाधान व्हावं आणि पोहे गरम असताना पोटात जावेत, यापलीकडे त्या वाक्यात माझा काही हेतू नव्हता.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, शेवंताबाई. आमच्या भंडाऱ्याकडल्या लोकांत मोठ्या बहिणीला बाई म्हणतात आणि ती म्हणेल ते करतात. आई-बाप गेल्यापासून आमच्या घरातलं एकही लग्न तिच्या होकाराशिवाय झालेलं नाही. (माझं तर आई-बाप असतानाही झालं नव्हतं.) ती राहते अहिवाऱ्याला, पण दर रविवारी बसनं भिलाईला येते आणि आमचं काय काय चुकलं ते बघून जाते.

मी गुलाब गिऱ्हेपुंजे, राहणार सेक्टर सात, नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात. सोप्या भाषेत हजेरीबाबू. कोण ड्युटीवर आला आणि कोण नाही आला, हे लिहिण्यात माझी चौतीस वर्षं गेली. माणूस चांगला की वाईट याच्याशी मला घेणंदेणं नसतं. रजिस्टरात नोंद आहे म्हणजे आला, नोंद नाही म्हणजे नाही आला. आयुष्याकडेही मी असंच बघत आलो आणि आतापर्यंत फारसं काही बिघडलं नव्हतं.

प्रश्न आमच्या हर्षाचा होता. हर्षा आमची एकुलती एक पोरगी. नर्सिंग करून अडीच वर्षांपूर्वी ती आईल ऑफ मॅनला एका दवाखान्यात लागली. हे बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे. (कॉलनीत मी 'लंडनच्या बाजूला' असं सांगतो, नाहीतर लोक नकाशा मागतात.) तिथल्या फिन कॉर्लेट नावाच्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं. त्या बेटावर अजून वाफेचं इंजिन चालतं आणि फिन ते दुरुस्त करतो. हे ऐकून माझी बायको वसुंधरा पहिल्यांदा काय म्हणाली असेल, तर "रेल्वेत आहे? परमनंट आहे का?" हर्षा म्हणाली, परमनंट आहे. अर्धं लग्न तिथंच जमलं.

उरलेलं अर्धं बाईच्या हातात होतं.

"चौकशी केली का पोट्ट्याची?" बाईनं विचारलं.

"हर्षा ओळखते ना त्याले, दोन वर्षांपासून."

"पोरगी ओळखते म्हणजे चौकशी झाली काय? चार कुळं पाह्यली का? बापाचं, मायचं, दोन्हीकडच्या आज्यायचं. आपल्यासंग जुळते का, घराणं कसं हाये, कोण्या पिढीत काई भानगड हाये का. त्या गावात आपलं कोण हाये?"

आमच्याकडे चौकशी म्हणजे मुलाच्या गावाला एक माणूस पाठवायचा. तो मुलाच्या घरी जात नाही. तो न्हाव्याकडे बसतो, पानठेल्यावर उभा राहतो, कोठ्यात बैल किती ते बाहेरूनच मोजतो आणि संध्याकाळच्या बसनं परत येऊन सांगतो. आईल ऑफ मॅनहून संध्याकाळची बस नाही. कॉर्लेट आणि गिऱ्हेपुंजे ही कुळं एक निघण्याचा धोकाही तसा कमीच होता, पण बाईला तसं म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही. म्हणून मी नेटचं ते वाक्य बोललो आणि चमचा उचलला.

त्या संध्याकाळी हर्षाचा फोन आला. आत्याच्या अटी तिच्या आईनं तिला सांगितल्या. ती म्हणाली, "बाबा, आत्या नाही म्हणाली तर मी नाही करणार. तुमच्या सगळ्यांना तोडून नाही करायचं मला. पण मग दुसरं स्थळ पण नाही पाहायचं कोणी. कधीच नाही." पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा तिचा जो आवाज आहे, त्या आवाजात ती बोलली. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुटली की मी हर्षाचा जुना लॅपटॉप उघडून बसायला लागलो. आणि खरं सांगतो, मी थक्क झालो. त्या एवढ्याशा बेटानं आपल्या मेलेल्या माणसांची सगळी नोंद फुकट मांडून ठेवली आहे. चर्चच्या जुन्या वह्या, जनगणना, दीडशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं, स्मशानातल्या दगडांवरची नावं. रिटायर झालेली माणसं घरी बसून या वह्या टाइप करतात म्हणे, आपल्या खुशीनं. आमच्या घराण्यात आजोबांच्या जन्माची नोंद 'मोठ्या पुराच्या आधी' एवढीच आहे, आणि तो पूर कोणता यावर दोन काकांचं बोलणं बंद झालं होतं.

मी एक नवीन रजिस्टर घेतलं, पट्टीनं रकाने आखले. पिढी, नाव, जन्म, लग्न, मृत्यू, शेरा. कॉर्लेट घराण्यात टॉमस, जॉन आणि विल्यम ही तीनच नावं होती. बापाचं टॉमस, पोराचं जॉन, नातवाचं विल्यम, मग पुन्हा टॉमस. तीन माणसं पाळीपाळीनं ड्युटीवर येत असल्यासारखं ते घराणं चाललं होतं आणि मला ते फार आवडलं.

बाईला मी रोज संध्याकाळी फोनवर रिपोर्ट द्यायचो.

"आज काय निंघालं?"

"फिनच्या खापरपणज्याले शेतकी प्रदर्शनात सलगमसाठी दुसरं बक्षीस भेटलं होतं. पेपरात हाये."

"पयलं कोणाले भेटलं?"

"दुसऱ्याच कोणाले तरी."

"हं. अजून?"

"त्याच्या बापावर कोर्टात केस झाली. मेंढ्या रस्त्यावर सोडल्या म्हून."

मला वाटलं, आता बिघडलं. बाई म्हणाली, "मेंढ्या होत्या म्हणजे खातंपितं घर होतं." तिसऱ्या दिवशी एक जण मासेमारीच्या होडीवर निघाला, तेही तिला चाललं. आमच्याकडे मासे खातात. बाईचा आवाज दिवसेंदिवस मऊ होत चालला आणि मला माझ्याविषयी उगाचच आदर वाटायला लागला. आता फक्त लग्नाचा रकाना भरायचा राहिला होता.

तिथं गाडी अडली.

फिनच्या बापाचं आणि आज्याचं लग्न झालेलं होतं, त्याचे फोटोच हर्षानं पाठवले होते. त्याच्या वरचा पणजोबा घेतला, तर लग्नाचं नेमकं वर्ष माहीत नाही आणि विल्यम कॉर्लेट नावाची माणसं शेकड्यानं. मग मी अक्कल चालवली. (इथून पुढं सगळं अकलेनंच झालं.) नवऱ्याच्या नावानं सापडत नाही तर बायकोच्या नावानं शोधावं. बायकोचं नाव मार्गारेट. मी 'मार्गारेट कॉर्लेट' टाकून लग्नांची यादी काढली. त्या सालांत या नावाच्या बाईचं लग्नच नाही. त्याच्या वरची पिढी घेतली. जॉन आणि कॅथरीन. 'कॅथरीन कॉर्लेट', लग्न नाही. त्याच्या वर टॉमस आणि एलिनॉर. 'एलिनॉर कॉर्लेट', लग्न नाही.

मी चार संध्याकाळी घालवल्या. सगळी स्पेलिंगं पालटून पाहिली, अलीकडची-पलीकडची दहा-दहा वर्षं पाहिली, शेजारच्या चर्चच्या वह्या पाहिल्या. मग मी मुलांच्या जन्माच्या नोंदी पुन्हा काढल्या आणि जे पाहिलं त्यानं माझा चहा निवला. बाप जॉन कॉर्लेट, आई कॅथरीन क्विलियम. बाप टॉमस कॉर्लेट, आई एलिनॉर कॅली. प्रत्येक पिढीत बापाचं आडनाव एक आणि आईचं दुसरं. स्मशानाच्या यादीतही तसंच. एकाच जागी शेजारी शेजारी झोपलेले, पण ती मरेपर्यंत क्विलियमच.

एखाद्या पिढीचं समजलं असतं. घाईगडबड, गरिबी, समुद्र. पण सात? मी पट्टी ठेवून लग्नाच्या रकान्यात सात वेळा लाल पेननं लिहिलं, गैरहजर.

वसुंधरा तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर रजिस्टर ठेवलं.

"लग्नच नाई केलं त्याईनं."

"कोणी?"

"कोणीच नाई. सात पिढ्या."

"तुमाले नाई सापडलं म्हणजे झालंच नाई काय?"

"रजिस्टरमदी नाई म्हणजे नाई झालं."

"मागच्या साली तुमी देवाजीभाऊले आठ दिवस गैरहजर लावलं. थो माणूस रोज तुमच्याच टेबलावर बसून चहा पेऊन राह्यला होता."

(हे खरं आहे. पण त्यानं कार्ड पंच केलं नव्हतं.)

"एक काम करा," ती म्हणाली, "हे बाईले सांगू नका. अन् हर्षाले तं बिलकुल सांगू नका. पोरगी मनातून खचन." एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली. मी दोघींनाही सांगितलं नाही. मी फक्त शेजारच्या ओमप्रकाश साहूला सांगितलं.

आता माणसानं मनातलं कुठंतरी बोलायला पाहिजे. ओमप्रकाश रेल मिलमध्ये आहे, माणूस सरळ आहे, आणि त्या दिवशी आम्ही दोघं स्कूटर पुसत उभे होतो. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. रजिस्टर कसं वाचायचं, तेही सांगितलं. नवराबायको असतील तर आडनाव एकच असणार. आडनाव वेगळं, म्हणजे लग्न नाही. एकदम सोपा हिशोब.

"मतलब सरनेम अलग तो शादी नहीं," तो विचार करत म्हणाला. "ये तो मैंने कभी सोचा ही नहीं था, बाबूजी."

"किसी को बताना मत."

"मैं? मैं तो भूल भी गया."

मी एक गोष्ट विसरलो होतो. ओमप्रकाशची सासुरवाडी अहिवाऱ्याला आहे, बाईच्या घरापासून चौथं दार. शनिवारी तो सासऱ्याला भेटायला गेला. रविवारी सकाळी साडेसातच्या बसनं बाई आमच्या दारात उभी होती. या वेळी हातात कपड्यांची पिशवी होती, म्हणजे ती निकाल लावल्याशिवाय परत जाणार नव्हती.

तिनं चप्पल काढली, पाणी घेतलं नाही, सरळ रजिस्टर मागितलं. बाई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं लग्नाच्या रकान्यावरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं.

"लाल लाल काय हाये हे?"

"गैरहजर."

"अन् खालचे दोन?"

"ते फिनचा आजा अन् बाप. त्याईचं झालं लग्न."

"म्हणजे लग्न करायची सवय त्याईले आत्ता आत्ता लागली," बाई म्हणाली. "दोन पिढ्यांची सवय. ते केव्हा सुटन काय सांगता येते?"

तिनं रजिस्टर मिटलं आणि त्याच्यावर हात ठेवला. "गुलाब, मी काई दुष्ट नाई. पोट्टा चांगला असन. पण उद्या त्यानं सोडून देलं तं पोरगी कोणाच्या दारात उभी राहीन? इथं असती तं मी रात्री-बेरात्री टॅक्सी करून गेली असती, ओढून आणलं असतं तिले. तिथं समुद्र हाये. मी समुद्रात कशी जाऊ?" तिचे डोळे भरून आले होते. मीही मग रजिस्टराकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

नेमकं त्याच संध्याकाळी सहा वाजता दोन्ही घरांचं पहिलं बोलणं ठरलेलं होतं. फिनची आई ब्रीशाबाई व्हिडिओवर येणार होती. हर्षानं दुपारी आधी एकटीनंच व्हिडिओ फोन केला. आत्याचा चेहरा बघून तिला अंदाज आला असावा. तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाबा, त्यांना हे विचारायचं नाही. प्लीज. मीच फिनला विचारून सांगते तुम्हाला." मी म्हणालो, नाही विचारणार. मी मनापासून म्हणालो होतो.

सहा वाजता फोनच्या पडद्यावर हर्षा आणि तिच्या शेजारी ब्रीशाबाई दिसल्या. पांढरे केस, गोल चष्मा, हातात मग. मागं फिन उभा होता, त्यानं हात जोडले आणि "नमस्कार आत्या" म्हटलं. बाईनं मान हलवली, तेवढीच. आमच्याकडून सोफ्यावर मध्ये बाई, एका बाजूला वसुंधरा चहाचा कप घेऊन, दुसऱ्या बाजूला मी रजिस्टर घेऊन.

हवापाण्याचं बोलून झालं. तिथं पाऊस होता, इथं उकाडा होता. मग बाईनं कोपरानं मला ढोसलं.

"विचार."

"बाई, हर्षा नाई म्हणते."

"मंग मी विचारू काय? मराठीत?"

मी घसा साफ केला. माझ्याकडे ऑफिसचं इंग्रजी आहे. त्या इंग्रजीत मेमो चांगला निघतो, पण प्रश्नही मेमोसारखाच निघतो. मी जे विचारलं त्याचा अर्थ असा होत होता की, महोदया, रेकॉर्ड तपासता असं आढळून आलं आहे की आपल्या घराण्यात मागील सात पिढ्या कोणीही विवाह केलेला नाही, तरी याबाबत खुलासा करावा.

हर्षानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. फिन मागच्या मागं खिडकीकडे गेला. ब्रीशाबाईंनी मग खाली ठेवला. मी मनात म्हटलं, गेलं. माझ्या एका वाक्यानं माझ्या पोरीचं लग्न मोडलं आणि ती जन्मभर तशीच राहणार.

"तुम्ही आमच्या वह्या पाहिल्यात?" ब्रीशाबाईंनी विचारलं. "सात पिढ्या? भारतात बसून?"

"येस मॅडम. सगळं फुकट आहे."

"कोणत्या नावानं शोधलंत लग्न?"

"कॅथरीन कॉर्लेट."

"ती कॉर्लेट कधी नव्हतीच," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जुन्या काळी वह्यांमध्ये बाईला तिच्या वडिलांच्याच आडनावानं लिहायचे. लग्न झालं तरी, नातवंडं झाली तरी, मेली तरी. कॅथरीन क्विलियम शोधा."

मी शोधलं. वसुंधरानं लॅपटॉप मांडीवर धरला आणि मी एका बोटानं टाइप केलं. कॅथरीन क्विलियम, जॉन कॉर्लेट, लग्न, १८८८. मग एलिनॉर कॅली. सापडली. ब्रीशाबाई पडद्यावरून एकेक नाव सांगत होत्या, मी टाकत होतो, आणि वसुंधराचा चहा संपायच्या आत सातही जोडपी चर्चमध्ये जाऊन लग्न करून आली. मी लाल अक्षरांवर व्हाइटनर लावायला घेतलं. त्या माउलींनी दीडशे-दोनशे वर्षं व्यवस्थित संसार केला होता आणि मी सेक्टर सातमध्ये बसून त्यांचं नाक कापलं होतं.

"काय म्हणते ते?" बाईनं विचारलं. हर्षानं सांगितलं. बाई सोफ्यावर पुढं सरकून बसली.

"आता माझी एक अडचण आहे," ब्रीशाबाई म्हणाल्या. "राग मानू नका."

झालं होतं असं, की त्याही गेल्या दोन महिन्यांपासून आमची चौकशी करत होत्या. म्हणजे त्यांना हर्षाला लग्नात तिच्या घराण्याचा वंशवृक्ष भेट द्यायचा होता. नेटवर गिऱ्हेपुंजे घराण्याचं काहीच सापडेना, म्हणून त्यांनी हर्षाकडून जुने कागद मागवले आणि फोनवरच्या फुकटच्या भाषांतरानं वाचले.

"लग्नपत्रिकेप्रमाणे गुलाबराव यांचं लग्न १९९३ साली मथुरा हटवार यांच्याशी झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "१९९७ला हर्षा झाली. तिथं आईचं नाव वसुंधरा आहे. मधल्या चार वर्षांत मथुराबाईंचं काय झालं ते मला सापडत नाही. हर्षाला विचारायचा धीर झाला नाही. तुम्हाला तेव्हा फार सोसावं लागलं असेल." आणि त्यांनी मान खाली घातली.

मी घाईघाईनं म्हणालो, "नो नो मॅडम. मथुरा जिवंत आहे."

त्यांनी मान वर केली. चेहरा आधीपेक्षा गंभीर झाला होता. "असं का. मग त्या कुठं असतात?"

"इथंच. याच घरात."

फिन खिडकीकडून परत आला. मी आणखी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वसुंधरानं कप खाली ठेवला आणि फोन आपल्याकडे ओढला. "आय मथुरा," ती म्हणाली. "आय वसुंधरा. सेम लेडी." तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कमी आहे, पण तिचं लोकांना समजतं.

मग हर्षानं हसू आवरत सगळं सांगितलं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहितात. आमच्या घरात मोठ्या काकूचं नाव मथुरा होतं. मोठ्या माणसाच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची, म्हणून बाईनं वसुंधरा हे नाव काढलं.

"तुम्हाला विचारलं होतं का?" ब्रीशाबाईंनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली.

बाई वर पंख्याकडे बघायला लागली.

"मग मी काय लिहू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बाईकडेही पाहिलं नाही. "मथुरा हटवार," ती म्हणाली. बत्तीस वर्षांत मी तिच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी बरंही वाटलं. पण तोपर्यंत ब्रीशाबाई पुढच्या चौकटीवर गेल्या होत्या. माझ्या आईचं नाव काय?

"कौसल्या," मी म्हणालो. एवढं तरी मला येत होतं.

"थे लग्नानंतरचं," बाई म्हणाली. "मायचं नाव गोदी. गोदी सेलोकर. लिव म्हणा तिले."

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. माझ्या आईचं नाव गोदी होतं, हे मला त्या दिवशी, आईल ऑफ मॅनच्या एका बाईच्या कामामुळं कळलं. बाई पुढं सांगत गेली. आजी सखू भुरे. पणजी पार्बती झंझाड. ब्रीशाबाई एकेक नाव पुन्हा म्हणून घेत होत्या आणि लिहीत होत्या. पणजीच्या सासूपाशी बाई थांबली. ओठ हलवत तिनं बराच विचार केला. "तिचं नाव कोणी सांगतलंच नाई आमाले," ती म्हणाली. "सगळे गिऱ्हेपुंजीणच म्हणत."

"मग जागा सोडते," ब्रीशाबाई म्हणाल्या. "कधी कळलं तर लिहू."

ब्रीशाबाई आणि फिन उठून गेल्यावर मी बाईकडे बघायचं टाळत रजिस्टर आवरत होतो. हर्षा तिकडं एकटीच ऑनलाइन थांबली होती. बाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्याईच्या घरात बाई मेली तरी तिच्या बापाचं नाव पुसत नाई," ती म्हणाली. "आपली पोरगी तिथं हरवनार नाई. कधी बी शोधली तं सापडन. देऊन टाक."

पडद्यावर हर्षा पहिल्यांदा रडली. मी तिला समजावणार होतो, पण त्याआधी वसुंधरानंच समजावलं. (वसुंधरा म्हणायची मला सवय आहे. सुटेल हळूहळू.)

लग्न डिसेंबरात ठरलं, इथंच, सेक्टर सातच्या मैदानावर. पत्रिका हर्षानं तिकडूनच तयार करून पाठवली. वर मुलाकडची नावं आणि खाली, 'मथुरा हटवार आणि गुलाब गिऱ्हेपुंजे यांची कन्या'. पुढं श्री नाही की सौ नाही, ती जागेत बसत नव्हती म्हणे. शेजारपाजाऱ्यांसाठी हिंदीतही तशीच छापली.

पहिली पत्रिका मी ओमप्रकाशला बोलावून घरातच दिली. त्यानं चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग विचारलं, "ये मथुरा हटवार कौन हैं?"

"तुम्हारी भाभी," मी म्हणालो. "पहले से यही नाम है उनका."

"हटवार? और आप गिऱ्हेपुंजे?"

"हाँ."

त्यानं पत्रिका खाली ठेवली. मग उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबूजी, आपने ही तो हिसाब समझाया था. पर दिल छोटा मत कीजिए. दिसंबर में मंडप लग ही रहा है, पंडितजी भी आ रहे हैं. लगे हाथ आप दोनों के भी फेरे करवा देते हैं. किसी को पता नहीं चलेगा."

मी काही बोलायच्या आत मथुरा चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कप त्याच्यासमोर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "सोचते हैं भाईसाहब. पहले लड़के की पूछताछ तो कर लें."